झोपायच्या फळीमागची नळी

पहाटे ४:४५
चेन्नईत काशिमेडूच्या मासळी बंदरात लिलाव चाललाय, पण आवाज निम्मा. मे महिन्याची अखेर आहे. १५ एप्रिल ते १४ जून, असे ६१ दिवस पूर्व किनाऱ्यावरच्या ट्रॉलरना समुद्र बंद असतो. लहान फायबर होड्यांना मुभा आहे. त्यांनी आणलेली थोडी सुरमई, थोडी कोळंबी आणि बरीचशी बारीक मासळी ओल्या फरशीवर मांडलीय. टोपल्या घेतलेल्या बायका ढिगांभोवती उभ्या आहेत. मोठ्या बोटी मात्र धक्क्याला खेटून, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा बांधून ठेवलेल्या. एरवी या बोटी एकेका फेरीला कित्येक दिवस बाहेर राहतात. आठ-दहा माणसं एकेकीवर राबतात, जेवतात, झोपतात. बंदीच्या काळात दुरुस्तीच्या याद्या निघतात. जाळी, पंखा, रंग, गियर. माणसं झोपतात ती जागा यादीत सहसा नसते. मी ज्यांच्या मागे आज फिरणार आहे त्यांची यादी तिथूनच सुरू होते.

५:२०
टपरीवर चहा बारा रुपयांना. मिस्त्री दोन घेतात, एक स्वतःला, एक भाच्याला. वय पंचावन्नच्या पुढे, उजव्या मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. इंजिनाच्या धुराची नळी बदलायची, जोडायची, लपेटायची, हा त्यांचा धंदा. तरुणपणी सहा वर्षं रत्नागिरीला मिरकरवाड्यात काढली. मराठी तिथली. मला ‘ताई’ म्हणतात, मी त्यांना अण्णा.

“उन्हाच्या आधी जुना पाइप काढायला हवा,” ते म्हणतात. अग्निनक्षत्रम चालू आहे, चेन्नईचे सर्वांत तापलेले दिवस. अकरानंतर लोखंडी पत्र्यावर हात टेकवता येत नाही.

६:००
चार बोटी ओलांडून पाचवीवर. लाकडी बोट, बावन्न फुटी. केबिनच्या पोटात इंजिन. इंजिन अशोक लेलँडचं. ही कंपनी १९४८ साली सुरू झाली आणि तिचा कारखाना इथून थोडा उत्तरेला, एन्नोरला आहे. ट्रकच्याच घराण्यातलं इंजिन, समुद्रासाठी तयार केलेलं.

केबिनमध्ये पुढे सुकाणू. मागे भिंतीला दोन फळ्या, वरखाली. या फळ्यांवर तांडेल आणि इंजिनवाला आळीपाळीने झोपतात. पाऊस असला की आणखी तिघं-चौघं खाली जमिनीवर. फळीच्या मागे, हातभर अंतरावर, धुराची नळी. इंजिनापासून निघते, केबिनच्या मागच्या कोपऱ्यातून वर जाते आणि छताच्या बाहेर पडते. म्हणजे अख्ख्या इंजिनाचा धूर झोपलेल्या माणसाच्या उशाशेजारून जातो. मध्ये फक्त नळीची जाडी.

६:२५
मिस्त्री टॉर्च लावून नळीवरचं जुनं गुंडाळण सोडवतात. जुनी दोरी ॲसबेस्टॉसची आहे. ते आधी तिच्यावर पाणी मारतात, तोंडाला पंचा बांधतात. पंचा पुरेसा नाही. मी तसं म्हणते. “मास्क घरी राहिला,” भाचा सांगतो. मिस्त्री त्याला दुकानात पाठवतात. दोन मास्क, साठ रुपये.

मग वाचन सुरू होतं. नळीवर खालपासून वर टॉर्च फिरते. पहिला जोड कोरडा. दुसरा कोरडा. कोपराच्या वळणाखाली, जुन्या वेल्डिंगच्या रेषेवर, काजळीचा पंखा उमटलाय. बोटभर रुंद, मखमली काळा. पोलादी ब्रशने घासल्यावर खाली केसाएवढी भेग दिसते. अडीच इंच लांब.

“इंजिन थरथरतं, पाइप हलतो. बाहेरनं खारी हवा, आतनं धुरातलं पाणी. दोन्हीकडनं खातं,” मिस्त्री सांगतात. भेग फळीच्या डोक्याकडच्या टोकाला आहे. मी फळीवर आडवी होऊन बघते. कान आणि भेग यांच्यात दीड हात.

“वास आला असेल ना त्यांना?”

“वास धुराचा येतो, ताई. त्याची सवय होते. मारणाऱ्याला वासच नाय.”

७:१०
मारणारा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांना झोंबत नाही. जळणाला हवा कमी पडली की तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून जास्त. तो जागा अडवून बसतो आणि श्वास नीट चालू असतानाच शरीर आतून गुदमरतं. आधी डोकं दुखतं. मग मळमळ, चक्कर, पायांतलं बळ जातं. जागा माणूस निदान उठून बाहेर जाईल. झोपलेल्याला डोकेदुखी कळतच नाही. तो झोपेतून बेशुद्धीत जातो आणि ती हद्द त्याला ओलांडल्याचंही समजत नाही.

धक्क्यावर बरेच जण सांगतात, डिझेलला भीती नाही. यात अर्धं खरं आहे. डिझेल इंजिनात हवा गरजेपेक्षा जास्त जाते, म्हणून जळण बरंच पूर्ण होतं आणि हा वायू पेट्रोलच्या इंजिनापेक्षा फार कमी निघतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हवेची गाळणी तुंबलेली, इंजेक्टर झिजलेला, मागे जाळ्याचं ओझं आणि नळीतून काळा धूर, अशी बोट रात्रभर ओढत असते. केबिनच्या खिडक्या पावसासाठी लावलेल्या. उशाशी भेग. रोज थोडं, आठ-दहा रात्री.

८:१५
इडली, वडा, सांबार. चार इडल्या आणि दोन वडे पासष्ट रुपये. मिस्त्रींची रोजी चौदाशे, भाच्याची आठशे. बंदीच्या दोन महिन्यांत रोज काम असतं, पुढच्या दहा महिन्यांत आठवड्याला दोन-तीन दिवस. सामान मालकाचं, हत्यारं मिस्त्रींची. ग्राइंडर गेल्या वर्षी घेतला, तीन हजार दोनशेला. कापायचं चाक तीस रुपयांना एक. आज तीन लागतील.

९:००
जुनी नळी कापतात. ठिणग्या पडतात तिथे ओली गोणपाटं टाकलीयत. भाचा पाण्याची बादली घेऊन उभा. खाली डिझेलची टाकी आहे, म्हणून त्याचं दुसरं काही काम नाही, फक्त बघायचं. फ्लँजचे आठ बोल्ट. पाच पान्ह्याने सुटतात, तीन गंजून बसलेले. छिन्नी, हातोडा, केरोसीनचे थेंब, पुन्हा पान्हा. एका बोल्टला पंचवीस मिनिटं जातात. शेवटी त्याचं डोकं कापतात.

काढलेली नळी डेकवर आपटली तर आतून गंजाचे पापुद्रे पडतात. मूठभर नाही, ओंजळभर. जिथे बाहेरून रंग शाबूत दिसत होता तिथे मिस्त्री हातोडीचा कोपरा टेकवतात. टोक आत जातं.

१०:४०
मालक येतात. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. तीन बोटी आहेत. बंदीत उत्पन्न नाही, खर्च आहे. नवी चार इंची जाड नळी तीन मीटर, तीन हजारांच्या वर. कंप सोसणारा स्टीलचा लवचीक तुकडा अडीच हजार. गॅसकेट एकशेऐंशी. काचेच्या धाग्याची पट्टी नऊशे. ते विचारतात, भेगेवर एक वेल्डिंग मारून भागणार नाही का? मिस्त्री त्यांना काही सांगत नाहीत. जुन्या नळीचा तुकडा उचलून त्यांच्या हातात देतात. मालक अंगठ्याने दाबून बघतात. पत्रा चुरगळतो.

“नवा टाका,” ते म्हणतात.

भला माणूस आहे. वाईट मालक असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्यांनाही हा वायू दिसत नाही, एवढंच. जाळं फाटलं तर दिसतं, भोक मोजता येतं, मासळी किती गेली ते सांगता येतं.

१२:४५
सावली फक्त लिलावाच्या शेडमध्ये. भात, करुवाडाचं म्हणजे सुक्या मासळीचं कालवण, ताक. शेजारच्या बोटीवरचा एक खलाशी जेवायला बसतो. दोन वर्षांपूर्वीची रात्र सांगतो, मिस्त्री मला समजावतात. वारा पाठीमागून होता, बोट सावकाश चालली होती. मागचं दार उघडं, पुढच्या काचा बंद. केबिनमधले चौघं उठले ते ओकतच. डेकवर झोपलेल्या पाच जणांना काही नाही. सगळ्यांनी ठरवलं, कालवण बाधलं. पण कालवण तर नऊही जणांनी खाल्लं होतं.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतं, बाहेरच्यांचं नाही, आणि उघड्यावर आलं की उतरायला लागतं. समुद्रात हे ओळखणं अवघड, कारण डोकं दुखायला आणि ओकायला तिथे शंभर कारणं असतात. बोट लागली म्हणतात, प्यालाय म्हणतात, झोपू दे म्हणतात. झोपू देणं हेच तेव्हा सर्वांत वाईट.

मागचं दार उघडं ठेवणं हवेशीर वाटतं. पण चालत्या बोटीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर उलटा केबिनमध्ये ओढला जातो. पुढची काच उघडली, हवा पुढून मागे वाहू दिली, तर तो बाहेर राहतो. खलाशी ऐकतो. “मग पावसात?” विचारतो. मिस्त्रींना उत्तर देता येत नाही. मलाही.

दुपारी २:२०
नवी नळी उभी राहते. आधी टाके, मग पूर्ण वेल्डिंग. केबिनच्या आत एकही जोड ठेवायचा नाही, हा मिस्त्रींचा नियम. जोड हवेच असतील तर एक खाली इंजिनाच्या खोलीत, एक छताच्या वर. माणूस झोपतो त्या उंचीत नळी सलग. कुणी शिकवलं? “कुणी नाय. जोड फुटतो, तर जोड माणसापाशी कशाला?”

आत चाळीसच्या पुढे तापमान असेल. वेल्डिंगचा धूर वेगळा. दर दहा मिनिटांनी ते बाहेर येऊन बसतात. घामाने चष्मा घसरतो. भाचा पंच्याने त्यांचं कपाळ पुसतो, न सांगता. नळी जमिनीतून वर येते ते भोक मिस्त्री पत्र्याच्या गोल चकतीने आणि पट्टीने गच्च बंद करतात. इंजिनाची खोली आणि झोपायची खोली यांच्यातली हीच एक वाट होती. बॅटरीच्या तारांसाठी पाडलेलं आणखी एक भोक सापडतं. तेही बुजवतात. त्याचे पैसे लावत नाहीत.

४:१०
इंजिन सुरू. पहिली दोन मिनिटं काळा धूर, मग करडा. मिस्त्री उदबत्ती पेटवतात. एकेका जोडाजवळ धरतात. उदबत्तीची रेघ सरळ राहिली तर जोड बंद, फुटली तर वारा सुटतोय. इंजिनाजवळच्या फ्लँजपाशी रेघ थरथरते. इंजिन बंद, थंड होईपर्यंत थांबा, बोल्ट पुन्हा आवळा, समोरासमोरचे आधी, मग उरलेले. पुन्हा सुरू. रेघ सरळ.

एवढ्यात केबिनमध्ये धूर भरतो. आमचा नाही. शेजारच्या बोटीने इंजिन लावलंय आणि तिचं धुराचं तोंड बरोबर आमच्या खिडकीसमोर आहे. बोटी इतक्या खेटून असतात तेव्हा आपली नळी नवी असून भागत नाही. मिस्त्री ओरडून त्यांना इंजिन बंद करायला लावतात. रात्री हे कोण ओरडणार?

५:१५
स्वयंपाकाची शेगडी. हे काम यादीत नव्हतं. मिस्त्री नुसतं ती लावून बघतात. ज्योत पिवळी, भांड्याचं बूड काळं. बर्नरची निम्मी भोकं गंज आणि सांडलेल्या भाताने बुजलेली. भाचा तारेने एकेक भोक मोकळं करतो. अर्धा तास. ज्योत निळी होते. रबरी नळीला तडे आहेत. ती बदलायची, एकशेनव्वद रुपये.

६:०५
रखवालदार येतो. बंदीत बोटीवर रात्री एकजण झोपतो, नाहीतर बॅटऱ्या आणि पितळी सामान जातं. महिन्याला नऊ हजार. सत्तरीचा माणूस, पूर्वी कट्टुमरमवर, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या होडीवर, होता. त्याच्याकडे एक लहान पेट्रोल जनरेटर आहे. केबिनच्या दाराबाहेर, ताडपत्रीखाली. पंखा आणि मोबाइलसाठी. डासांमुळे खिडक्या लावून घेतो.

मिस्त्री जनरेटरकडे बघतात आणि दिवसभरात पहिल्यांदा आवाज चढवतात. तमिळमध्ये, भरभर. म्हातारा हात जोडून ऐकतो, मग तोही बोलतो. मिस्त्री मला सांगतात, “म्हणतो, दोन वर्षं असाच झोपतोय, काय झालं?”

दिवसभर आम्ही ज्या भेगेमागे होतो तिच्याहून हा लहान डबा कितीतरी धोक्याचा. पेट्रोलचं लहान इंजिन हा वायू भरपूर ओकतं. केरळात वडकरा इथे डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून झोपली होती. वायू जनरेटरमधून आत आल्याचं तपासात निघालं. गाडी काय, बोट काय, झोपायची जागा लहान आणि इंजिन दाराशी.

मी म्हाताऱ्याला हे सांगते, मिस्त्री तमिळमध्ये सांगतात. तो विचारतो, “ती माणसं किती वयाची होती?” मग गप्प होतो.

जनरेटर धक्क्यावर न्यायचा, दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पण धक्क्यावर ठेवला तर रात्रीत चोरीला जाईल. ही त्याची भीती खरी आहे. मिस्त्री दुसरी वाट काढतात. बोटीच्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा पंखा, साडेसहाशे रुपये. मोबाइलही त्याच बॅटरीवर. जनरेटर आजपासून बंद. मच्छरदाणी म्हाताऱ्याकडे आहे, फाटलेली. भाचा जाळ्याची सुई घेऊन ती शिवायला बसतो.

६:५०
मालक हिशेबाला परत आलेत. मी पिशवीतून तळहाताएवढं पांढरं यंत्र काढते. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, चोवीसशे रुपयांचा. धुराचा अलार्म वेगळा, तो या कामाचा नाही. बोटींसाठी आणि कॅरव्हॅनसाठी असलेल्या युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ५० भाग झाला तर असा अलार्म तास ते दीड तासात वाजतो, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत.

“बोटीवर हे कोण लावतं?” मालक विचारतात.

मी त्यांना व्हिटबीचं सांगते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर. जानेवारी २०१४. ‘एश्कॉल’ नावाची मासेमारीची बोट, दोन माणसं. स्कॅलप जातीचे शिंपले काढून रात्री उशिरा धक्क्याला लागली. थंडी होती. दोघांनी स्वयंपाकाच्या गॅसचा ग्रिल पेटता ठेवला आणि झोपले. सकाळी दोघं मेलेले. बोटीवर अलार्म नव्हता. त्यांना ऊब हवी होती, इथे वारा हवा असतो. पुढे त्या देशात झोपायची सोय असलेल्या मासेमारी बोटींवर हा अलार्म सक्तीचा झाला.

मालक यंत्र हातात घेऊन वजन बघतात. “खाऱ्या हवेत टिकेल?” नेमका प्रश्न. त्यातल्या सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, मागे तारीख छापलेली असते, आणि दर आठवड्याला बटण दाबून बघायचं असतं. समुद्रात तो वाजला तर काय करायचं, हे ते मला विचारतात. इंजिन, शेगडी, जे जळतंय ते बंद. सगळ्यांना डेकवर. आधी बाहेर काढायचं, मग विचारायचं. उघड्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर दीड तासाच्या आसपास. धक्क्यावर असाल तर १०८ आणि इथून जवळचं स्टॅन्ली सरकारी रुग्णालय. बोटावर लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, आकडा चांगलाच दाखवतं, तेव्हा डॉक्टरांना तोंडाने सांगायचं की माणूस इंजिनाच्या किंवा शेगडीच्या धुरात होता. किनाऱ्यापासून रात्रभर अंतरावर असाल तर ऑक्सिजन नाही. म्हणून आधी वाजणारं यंत्र.

मिस्त्री तोवर फळीजवळ जाऊन जागा बघतात. छताला नाही, शेगडीच्या डोक्यावर नाही, खिडकीच्या झोतात नाही. झोपलेल्याच्या डोक्याच्या उंचीला, हातभर लांब. दोन स्क्रू. बटण दाबतात. आवाज इतका कर्कश की शेजारच्या बोटीवरून दोन डोकी वर येतात.

७:३५
हिशेब. मिस्त्री चौदाशे, भाचा आठशे, सामानाची चिठ्ठी वेगळी. पट्टी दोन मीटर उरली, तिचे शंभर रुपये मिस्त्रींनी स्वतःहून वजा केले. रखवालदाराच्या पंख्याचे पैसे कुणी द्यायचे यावर पाच मिनिटं जातात. मालक देतात.

“दुसऱ्या दोन बोटींचे अलार्म बंदी उठल्यावर बघू,” ते म्हणतात.

“बंदी उठल्यावर माणसं झोपायला येणार. तेव्हा बोट इथे नसेल,” मिस्त्री उत्तर देतात.

मालक मोबाइलवर किंमत पुन्हा बघतात. एकाची ऑर्डर देतात. तिसऱ्या बोटीचं राहतं.

मिस्त्री भाच्याला उद्याची यादी लिहायला सांगतात. बारा व्होल्टचा पंखा एक. वायर पाच मीटर. फ्यूज दोन. कापायची चाकं चार. मास्क, डब्यात ठेवायचे. सकाळी सहाला, तिसऱ्या बोटीवर.